मागच्या खाचेतली माती

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. खरं तर माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, कुणी प्रसाद हातावर ठेवला तरी हा माणूस आधी उलटून बघेल. चिडवते, पण खोटं नाही. धुळ्याला देवपुरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे, आणि या धंद्यात संशयी नसलेला माणूस टिकत नाही. त्यामुळे खालची गोष्ट कुणी दुसऱ्याने सांगितली असती तर मी हसून सोडून दिली असती.

माझी सासुरवाडी पांझरेच्या काठी, साक्रीच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे नदीवर दगडी बंधारा आहे आणि त्यातून निघालेला पाट. कधी बांधला, कुणी बांधला, नक्की कुणालाच माहीत नाही... चुन्यातलं काम आहे, काळा दगड आहे, एवढंच. पाटाच्या तोंडाशी दोन दगडी खांब. प्रत्येकात दोन उभ्या खाचा, एक पुढची, एक मागची. पूर्वी दोन्ही खाचांत लाकडी फळ्या घालायचे आणि फळ्यांच्या मधे काळी माती ठासायचे, की पाणी बंद. दिवाळीनंतर गव्हाच्या आधी असा पाट बंद करून खालचा गाळ काढायचा, आणि मग पुन्हा उघडायचा.

यात एक प्रथा होती. जी माणसं खाली गाळात उतरणार, त्यांनीच ती माती ठासायची. वर पाणी तुंबलेलं, खाली आपण उभे, मग दुसऱ्याच्या हातावर भरवसा कशाला ठेवायचा? मला ही प्रथा ऐकूनच आवडली होती. माझ्यासारख्याच कुणीतरी काढलेली असणार.

माझे सासरे, नाना, त्या पाटाचे पाटकरी. म्हणजे पाण्याची पाळी कुणाची, तोंड कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे सगळं ते बघत. गावाने हा मान विश्वासावर दिलेला असतो. गेल्या वर्षी फळ्यांच्या जागी लोखंडी गेट बसवायचं ठरलं आणि काम मला मिळालं. 'पाटकऱ्याने जावयाला काम दिलं' अशी कुजबुज लगेच सुरू झाली. काही कमीजास्त झालं असतं तर नानांचं पाटकरीपण गेलंच असतं, हे मलाही कळत होतं.

गेट पुढच्या खाचेत बसवलं. नाना म्हणाले, "जवाईबापू, मांगली खाच बी भरा. तठे मातीच लागस."

"नाना, लोखंडाला रबर पॅकिंग आहे. थेंब गळणार नाही."

गेट बंद करून खाली गाळाचं काम सुरू झालं, आणि खरंच थेंब गळला नाही. समाधानाने नानांच्या घरी जाऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. परत येऊन बघतो तर – गेटच्या मागे, दोन्ही खांबांच्या मधे, गुडघ्याएवढी माती ठासलेली! ओली, काळी, हाताने थापून सारखी केलेली. पंजे स्पष्ट उमटले होते. लहान, मोठे, एकावर एक, बऱ्याच हातांचे.

माझा पहिला संशय कुणावर गेला असेल, सांगायला नको. मी माती फावड्याने काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. नानांना विचारलं.

"मी नहीं भरी," त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "कसाले भरू?"

हात स्वच्छ होते. पण हात धुता येतात ना!

मग मी माती पुन्हा काढली आणि एक डाव टाकला. सामान आणायचं निमित्त करून नानांना पिकअपमध्ये घातलं आणि धुळ्याला नेलं. दिवसभर नजरेआड होऊ दिलं नाही. माझा वेल्डर सलीम याला गेटजवळ बसवून ठेवलं. दिवस मावळायच्या आत परतलो. माती होतीच. सलीमचा चेहरा उतरलेला. "भाऊ, मी इथून हललो नाही. नुसता थप-थप आवाज येत होता. मला वाटलं, खाली गाळ काढणारे असतील."

गाळ काढणारी माणसं वळणापलीकडे होती. तिथून कुणी वर आलं नव्हतं. पण माझं डोकं सरळ चालेल तर शपथ! वाटलं, नाना माझ्याबरोबर होते म्हणून काय झालं, माणसं त्यांचीच ना. हात नसेल, हुकूम तर असेल. आणि सलीमलाही फोडला असेल. रागाच्या भरात मी पाटावर जमलेल्या गावासमोर बोलून गेलो, "नाना, माझं काम खोटं पाडायला हे तुम्हीच करवताय."

आमच्याकडे जावयाचा शब्द भर लोकांत कुणी खोडत नाही, आणि सासरा तर नाहीच नाही. हे मला माहीत होतं. बोलताना आठवलं नाही.

नानांनी हातातलं फावडं खांबाला टेकवलं. "जवाई सांगस तेच खरं. आतेपाईन पाट दुसरा कोनी देखी." आणि पाटकरीपण तिथेच सोडून ते घराकडे चालू लागले.

बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. मी दुसऱ्या दिवशी चोर पकडायचाच म्हणून भर दुपारी एकटा गेटसमोर बसलो. माती काढलेली, जागा रिकामी. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून दगडावर टेकवला.

थप.

तळाशी माती होती. कुठून आली, दिसलं नाही. थप... तिच्यावर एक पंजा उमटला. मग शेजारी दुसरा, लहान. मातीचा थर माझ्या डोळ्यांदेखत वर चढत होता, आणि तिथे कुणीही नव्हतं. पळताही येईना.

नंतर व्हिडिओ पाहिला तर त्यात पहिल्या क्षणापासून माती भरलेलीच होती.

मी गावाला सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. लोक एकमेकांकडे बघून हसले. एक आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जवाई भला शे. सासराले वाचाडी राहिना." म्हणजे सासऱ्याला वाचवायला मी हे रचतोय, असं! माझा संशय त्यांनी एका क्षणात खरा मानला होता. डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच मानलं नाही. पाटकरी दुसरा नेमला गेला.

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "खरंच देखं, का मन्हासाठे सांगी राहिनात?"

त्यांच्यासाठी रचलेलं नाही, म्हणून मी मुलांची शपथ घेतली. ते "बरं, बरं" म्हणाले आणि आत चहा टाकायला सांगितला.

वर्ष होत आलं. ती माती कुणी भरली, मला आजही कळलेलं नाही. अजून सलीमला मधूनच आडून आडून विचारतो. नाना सणावाराला माझं तसंच आगतस्वागत करतात, पाटाचा विषय काढत नाहीत. मी जावई आहे, म्हणून मला खोटं पाडत नाहीत. आणि खरंही मानत नाहीत.