बिनतिखटाचा रस्सा

मिरजेहून निघताना माझ्या खांद्यावरच्या पिशवीत दोन किलो मसूर डाळ होती, एक लहान कुकर, स्टीलची गाळणी आणि मापाचा कप. मालवणकडे लोक मासे खायला जातात. आम्ही नवरा-बायको डाळ घेऊन निघालो होतो.

माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, जबड्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. गाठ निघाली, डॉक्टर समाधानी होते. पण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं आणि तिखटाचा कण लागला तरी जीभ पेटायची. खालचा ओठ एका बाजूनं बधिर झाला होता, त्यामुळे पातळ काही खाताना ते हनुवटीवर ओघळायचं. तिला स्वतःला ते कळायचं नाही, समोरच्याच्या नजरेवरून कळायचं. म्हणून ती आतल्या खोलीत दार लोटून एकटी जेवायची. सणावाराला वीस माणसांची पंगत उठवणारी बाई.

मी तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. स्वयंपाक कधी केला नव्हता. दवाखान्यातून घरी आलो आणि मी ओटा ताब्यात घेतला. तूरडाळ करून बघितली, तिचे कण राहायचे. हरभऱ्याची जड पडायची. मसूर मात्र भिजवायला नको, वीस मिनिटांत विरघळते, गाळली की पेल्यातून पिता येते. एक कप डाळ, चार कप पाणी, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ. सकाळ-संध्याकाळ, सहा महिने. ती निमूट प्यायची. मला वाटायचं, चांगलं चाललंय.

मग एक दिवस ती म्हणाली, "मला समुद्र बघायचाय." एवढंच. मी लगेच हो म्हटलं.

कोल्हापूरहून एसटी पकडली. दाजीपूरचं जंगल मागे पडलं आणि फोंडा घाट उतरायला लागला तशी हवा बदलली. स्वेटर काढावा लागला. नांदगावला गाडी दहा मिनिटं थांबली. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी डबा उघडून खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या. "घेवा गो, घरच्यो आसत." सुनंदानं पदर तोंडाशी नेला आणि मान हलवली. मी म्हणालो, "त्यांना चालत नाही." बाईंनी एक वडी माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली आणि उरलेला रस्ताभर मला अपराधी वाटत राहिलं.

कणकवलीला गाडी बदलून आम्ही कट्ट्याला उतरलो. कट्टा म्हणजे मालवणच्या अलीकडचं बाजाराचं गाव. दुकानं, एसटीचा थांबा, एका कडेला रिक्षा. तिथून तीन किलोमीटरवर एका शेतकरी कुटुंबानं घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. घरमालक बाबल स्वतः न्यायला आले होते. साठीचे, सडपातळ, मुंबईत नोकरी करून गावी परतलेले. माझ्याशी ते शुद्ध मराठीत बोलायचे आणि रिक्षावाल्याशी लगेच मालवणीत.

वाटेत भात कापलेल्या मळ्यांमध्ये कुळीथ उगवला होता. काजूला मोहर धरला होता. सुनंदा रिक्षाच्या कडेला बसून सगळं बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिनं तोंडावरून पदर बाजूला घेतला होता.

पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. बाबल यांच्या पत्नी शालनवयनी (वहिनी) यांनी पानं मांडलेलीच होती. बांगड्याचं तिकलं (तिखट कालवण), भात, सोलकढी. सुनंदा पानाकडे न बघता म्हणाली, "माझा आज उपास आहे."

तिचा कसलाही उपास नव्हता. मी घाईघाईनं जेवलो आणि शालनवयनींना बाजूला घेऊन म्हणालो, "मला जरा तुमचा गॅस मिळेल का? अर्धा तास."

त्यांनी भुवया उंचावल्या, पण बाजूला सरकल्या. मी कप काढला, डाळ मोजली, पाणी मोजलं. नवा गॅस, आच मोठी. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच पिवळा फेस झाकणातून उसळला आणि शेगडी न्हाऊन निघाली. मी फडकं शोधत असताना वयनी शांतपणे पुढे आल्या, गॅस बारीक केला, ओटा पुसला. कुकरची वाफ जिरल्यावर त्यांनी पळीनं थोडी डाळ तळहातावर घेऊन चाखली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्या जेवान आसा काय औषध?"

मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. तिखट चालत नाही, आंबट झोंबतं, कण नको, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चुकचुकल्या नाहीत. फक्त विचारलं, "सहा म्हयने हीच?"

"हीच."

"आणि त्या काय बोलाक नाय?"

"नाही."

त्या कळशी उचलून बाहेर विहिरीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणला गेलो. जेटीवर गर्दी होती, होड्या किल्ल्याकडे ये-जा करत होत्या. सुनंदाला होडीत बसायचं नव्हतं. गर्दीपासून लांब, जिथे जाळी वाळत घातली होती तिथे ती वाळूत बसली आणि चपला काढून पाय पाण्यात सोडले. लाट आली की ती पाय मागे घ्यायची नाही. मी घड्याळ बघितलं नाही. एक म्हातारी सोलं (कोकम) विकत फिरत होती, ती आमच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "पयल्यांदाच इलास दिसता." सुनंदानं मान डोलावली. "मगे बसा. दर्या खंय जाणा नाय." आणि ती उठून गेली. सुनंदा हसली. एका बाजूनंच, पण हसली.

परत आलो तेव्हा शालनवयनी पडवीत खोबरं खवत होत्या. सुनंदा पायऱ्यांवर बसली. वयनींनी खवणीवरून मान वर न करता तिला विचारलं, "वयनी, तुमका काय खावचासा वाटता?"

"तिला मऊ काहीही चालतं," मी म्हणालो. "फक्त गाळून..."

"भाऊ, मी तेंका इचारलंय."

खवणीचा आवाज थांबला. सुनंदा पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. ऑपरेशननंतर तिचे शब्द थोडे जाड येतात, म्हणून अनोळखी माणसांशी ती बोलायची नाही. मग ती म्हणाली, "रस्सा."

आमच्याकडचा रस्सा म्हणजे तांबडा, कानातून धूर काढणारा. रविवारी तिच्या हातच्या रश्श्यासाठी माझे दोन्ही भाऊ सहकुटुंब यायचे. सहा महिन्यांत त्या शब्दाचा उच्चार आमच्या घरात झाला नव्हता.

"तो कसा जमेल," मी म्हणालो, "तिखट..."

"तिखट नाय म्हणान रस्सो होणा नाय काय?" शालनवयनी उठल्या. "रश्श्याचो वास भाजल्या खोबऱ्याचो असता, मिरचेचो नाय. तुमची ती डाळ हाडा."

हाडा म्हणजे आणा. मी डाळ आणून दिली.

त्यांनी डाळ मोजली नाही. मुठीनं घेतली, तीन पाण्यांत धुतली आणि हळद, हिंग, ठेचलेल्या लसणीच्या चार पाकळ्या घालून मंद आचेवर ठेवली. दुसऱ्या बाजूला कढईत उभा चिरलेला कांदा तेलावर परतायला घेतला. मी दारात उभा राहून बघत होतो. तेवढ्यात सुनंदा माझ्या बाजूनं आत गेली आणि पाटावर बसून खोबऱ्याचं ताट पुढ्यात ओढलं.

"तू नको," मी म्हणालो. "धूर लागेल. खोकला आला तर..."

तिनं माझ्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली, "सहा महिने झाले, तुम्ही मला माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाहीत. दुखत होता तो जबडा होता. हात धड आहेत माझे."

ती रागावली नव्हती. साधं सांगत होती. शालनवयनी कांदा हलवत म्हणाल्या, "येवंदे तेंका, भाऊ. तुमी भायर बसा वायच (जरा)."

मी बाहेर जाऊन बाबल यांच्याशेजारी बसलो. ते सुपाऱ्या निवडत होते. मला आत काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. खोबरं भाजताना कढईत उलथनं फिरण्याचा आवाज, मग पाट्यावर वरवंटा. मिक्सर होता घरात, पण वाटप (भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण) पाट्यावर लोण्यासारखं उतरतं आणि आज एक कणही राहायला नको होता. "धने लाल झाले," सुनंदाचा आवाज आला. "आता काढूया." मग बडीशेप, एक लवंग, दालचिनीचा तुकडा. मग दोघींचं काहीतरी बोलणं आणि हसणं. तिला हसताना ऐकून मी बाबलना म्हणालो, "मी तिला विचारायलाच हवं होतं."

"काय?"

"काहीही. काय खातेस, एवढं तरी."

बाबल सुपारी हातात घेऊन थांबले. "माझ्या आवशीक (आईला) लकवा झालो होतो," त्यांनी नकळत मालवणी धरली, "तेव्हा आमी पण असाच केला. सगळा हातात नेऊन दिला. मगे ती बोलाचीच बंद झाली." ते पुन्हा निवडायला लागले.

वास पडवीत आला. भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा, धन्यांचा, अगदी रविवारी अकरा वाजता आमच्या गल्लीत यायचा तसा. घोटलेल्या डाळीत वाटप पडलं होतं आणि वर एकच सोल, उकळी येताच काढून टाकलेलं, म्हणजे आंबटाचा नुसता भास राहील आणि झोंबणार नाही.

चार पानं मांडली गेली. मी सवयीनं सुनंदाचं ताट खोलीत नेण्यासाठी उचललं. शालनवयनींनी ते माझ्या हातून घेऊन परत जागेवर ठेवलं. त्यात आटवल (मऊ, पातळसर भात) होती आणि वर तो तपकिरी, दाट रस्सा. सुनंदा बसली. बराच वेळ तिनं हात लावला नाही. बाबल आणि वयनी आपापलं जेवत होते. काजूला यंदा मोहर बरा आहे की नाही यावर त्यांचा वाद चालला होता.

तिनं लहानसा घास घेतला. थांबली. मला वाटलं झोंबलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"झोंबलं का?" मी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "चव लागली."

तिसऱ्या घासाला रस्सा हनुवटीवर आला. मी डोळ्यांनी खूण करणार होतो, पण त्याआधी शालनवयनींनी बोलता बोलता तिच्या गुडघ्यावर एक स्वच्छ पंचा टाकला आणि काजूचं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. सुनंदानं हनुवटी पुसली आणि पुढचा घास घेतला. मग वयनींनी पळी उचलली. "आजून वाडू?"

"अर्धी पळी," सुनंदा म्हणाली. आणि ती वाढून झाल्यावर, "अजून थोडं."

पुढचे दोन दिवस आम्ही कुठेच गेलो नाही. किल्ला राहिला, तारकर्ली राहिली. दोघी बायका मसूर डाळीच्या मागे लागल्या. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेत मूठभर डाळ शिजली आणि वर तूप. एका दुपारी लाल भोपळा डाळीबरोबर एकजीव केला, त्यात नारळाचा रोस (दूध) आणि जिऱ्याची फोडणी. शेवटच्या संध्याकाळी तांदूळ आणि डाळ भिजवून, वाटून त्याची घावणं घातली, जाळीदार, फिकट केशरी, गूळ घातलेल्या रोसात बुडवून मऊ केलेली. पहिली दोन तव्याला चिकटली ती मी खाल्ली. पाच घावणं सुनंदानं घातली. मी वही काढून प्रमाण लिहायला लागलो, तर ती म्हणाली, "लिहू नका. मला कळलंय."

निघताना शालनवयनींनी तिला मिठी मारली. "परत येवा," त्या म्हणाल्या. "आणि भाऊंका चुलीकडे येवक दिव नको." सगळे हसलो. मीही.

घाट चढताना सुनंदा खिडकीला डोकं टेकून झोपली. मी जागा होतो. तिची काळजी घेताना मी तिला एका खोलीत, एका कपात आणि एका चवीत बसवून ठेवलं होतं. कुणी दुष्टपणा केला असता तर तिनं भांडून घेतलं असतं. मायेशी कसं भांडणार? हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. एका बाईनं मला फक्त जरा बाहेर बसायला सांगितलं.

आता घरी येऊन महिना झाला. सगळं सोपं झालंय असं नाही. कधी ठसका लागतो, कधी तोंड इतकं दुखतं की ती पेज पिऊन झोपते. तोंड अजून दोनच बोटं उघडतं. पण गेल्या रविवारी तिनं स्वतः फोन करून धाकट्या बहिणीला जेवायला बोलावलं. मी कांदे चिरले. ते जाड चिरले म्हणून बोलणीही खाल्ली. बाहेरच्या खोलीत तीन पानं घेतली. सुनंदा बहिणीला कोकणातल्या गमती सांगत होती, मधेच हनुवटी पुसत होती आणि शब्द अडखळला तर तोच पुन्हा म्हणत होती. बहीण आधी जपून बसली होती, नंतर हसायला लागली. सुनंदाचं ताट रिकामं दिसलं म्हणून मी पळी घेऊन उठलो.

"बसा हो," ती म्हणाली. "माझं मी घेते."