चिकपेटचा तेलकट मारुती

बंगळुरात सांबारात गूळ घालतात. याविषयी गप्प राहायचं, असं पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. पहिल्याच इडलीला संयम सुटला. गोड सांबार हा पदार्थ नसून विश्वासघात आहे, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कॉफीबद्दल मात्र तक्रार नाही.

मला बोलावलं भाच्यानं. निखिल एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि जुन्या वास्तूंची लेझरनं मापं घेऊन संगणकात हुबेहूब प्रतिकृती उभारतो. चिकपेटमधलं छोटं मारुतीचं देऊळ रस्तारुंदीत जायची चिन्हं आहेत, म्हणून विश्वस्तांनी त्याला गाठलेलं. दारावरचा संस्कृत लेख वाचायला घरचा, फुकटचा पंडित म्हणून मी.

चिकपेटला मेट्रोनंच जा, तेही दुकानं उघडायच्या आत. नंतर साड्यांच्या गठ्ठ्यांतून देवालाही वाट मिळत नाही. देवळाचं सगळं पाहणाऱ्या शांताक्का, तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, आमच्याआधीच हजर होत्या. यंत्र तिपाईवर फिरलं. भिंती आल्या, घंटा आली, कोपऱ्यातली प्लास्टिकची बादलीसुद्धा आली. मारुती येईना. काळ्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल. त्या चकाकीपुढे लेझरनं हात टेकले.

"अक्का, तेल पुसून जरा पावडर लावू या?"

"पावडर? लग्न ठरलंय काय त्याचं?"

"मशीनला चकाकी चालत नाही हो."

"सरी, बरं. मग मशीनलाच सांगा, स्वल्प सांभाळून घे म्हणून." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "एवढं झालं की देऊळ पाडणार नाहीत ना, अण्णा?"

मी लेखातली अक्षरं वाचण्यात फारच गुंग झालो.

निघायच्या दिवशी विश्वस्तांसमोर पडद्यावर देऊळ फिरलं. गाभाऱ्यात मारुती ठसठशीत. अध्यक्षांनी हात जोडले, मीही जोडले.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "आता रुंदीकरणाला हरकत घ्यायचं कारण उरलं नाही."

जिन्यात मी निखिलला म्हटलं, "शेवटी आला म्हणायचा मारुती."

"तो दुसऱ्या देवळातला आहे, मामा. मध्ये भोक दिसत होतं, म्हणून बसवला."

"सांगितलंस त्यांना?"

"कुणी विचारलं?"

घरी आलो. निखिलनं लिंक पाठवलीय. बिनगुळाचं सांबार ओरपत मी देऊळ बोटानं फिरवतो. शेजारी म्हणतात, आता तिकडे जायलाच नको. लेखातल्या दोन मात्रा चुकल्यात, ते मी निखिलला तातडीनं कळवलं. मारुतीबद्दल अध्यक्षांना अजून कळवलेलं नाही. त्या दिवशी समोर भलताच मारुती होता, आणि हात जोडताना मला काहीच कमी वाटलं नाही. मला खरी काळजी वाटते ती याची.