दाजींची भुयारी शाळा

जिथं जमिनीखाली विहिरीचं पाणी आणि भुईमुगाच्या शेंगा यांपलीकडं काही सापडत नाही, त्या आमच्या कोल्हापुरात भुयारी रेल्वेवर बोलण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं ओतकाम करून ते निवृत्त झाले. भट्टीच्या धगीनं रापलेला चेहरा आणि यंत्रांच्या गोंगाटावर मात करत कमावलेला आवाज. शाहूपुरीतल्या घरात ते आक्काकडं चहा मागतात, तेव्हा पलीकडच्या गल्लीतही कुणीतरी आधण ठेवत असेल. कुठलीही वस्तू बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. कलिंगड ठोकतात, फ्रिज ठोकतात. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाची मोटारसायकलही त्यांनी ठोकून पाहिली होती आणि "ओतकाम बरं हाय" म्हणून स्थळ पसंत केलं होतं.

त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि दाजी पहिल्यांदा त्याच्याकडं निघाले. "स्वारगेटला घ्यायला येतो" म्हणणाऱ्या पोराला त्यांनी फोनवरच झापलं, "मी काय पार्सल हाय व्हय?" एसटीतून उतरले ते थेट मेट्रोच्या भुयारात. तिकीट काढलं, फाटकावर टेकवलं, फाटक उघडलं. इथवर सगळं बिनचूक. मग तिकिटाचं काम संपलं असं समजून त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाहेर पडतानाही तेच तिकीट टेकवावं लागतं, हे त्यांना उतरल्यावर कळलं. पण कुणाला विचारणं म्हणजे दाजींच्या लेखी कुस्तीत पाठ टेकणं. ते मुकाट पुन्हा गाडीत बसले. या टोकाहून त्या टोकाला, तिथून परत. तीन तासांनी एका पहारेकऱ्यानंच "काका, काही हरवलंय का?" असं विचारलं, तेव्हा त्यांची सुटका झाली. कोल्हापुरात परतेपर्यंत मात्र या सगळ्याला वेगळाच रंग चढला होता. "तीन तास तपासणी केली, पावणं," ते मला म्हणाले. "एकूण एक खांब ठोकून बघिटला. आन् एवढ्या खोल गेलतो, पर घामाचा थेंब न्हाय!" जन्म भट्टीपुढं काढलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातल्या त्या गारव्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं!

तेव्हापासून पुण्याला जाणारा कुणीही ओळखीचा दाजींच्या अंगणातून गेल्याशिवाय एसटीत चढत नाही. अंगणात खडूनं फलाट आखायचा. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की फाटक तयार. सरकता जिना शिकवायला शिष्याला पोत्यावर उभं करायचं आणि दाजींनी ते पोतं ओढायचं. यात एक निवृत्त मुख्याध्यापक दोनदा पडले, पण पुण्यात पडले नाहीत, हे दाजी आवर्जून सांगतात. नियम चारच. "तिकीट जपायचं. पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभारायचं. उतरणाऱ्याला आधी उतरू द्यायचं. आन् कुणाला विचारायचं न्हाय, पाटी वाचायची!"

शेजारच्या मावशी मूळच्या चंदगडच्या, डोंगर-पावसाच्या मुलखातल्या. पुण्यात त्यांची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं आणि बाळाजवळ बसलेल्या लेकीला डबा न्यायला मावशींशिवाय कुणी नव्हतं. वाटेत एका ठिकाणी भुयारी गाडीतून उतरून वर पुलावरच्या गाडीत बसायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दाजींनी त्यांना सात वेळा खुर्च्यांमधून काढलं, पोत्यावरून अंगणभर फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच चहा पीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं मावशी होत्या.

"दादा, उतरलो न्हवं. पर वरची गाडी गावंना."

"हलू नका. समोर पाटी हाय ती वाचा."

"चष्मा घरात ऱ्हायला की ओ! लेक भुकेली बसली असंल माझी."

दाजींचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली, की आक्का स्वयंपाकघरातून डोकावली. ते म्हणाले, "मावशी, जवळ कोण हाय का बगा. विचारा त्यास्नी. काय लाजायचं न्हाय."

मावशींनी फोन कुणा कर्मचारी बाईच्या हातात दिला. "बाई," दाजी अजिजीनं बोलत होते, "आमच्या मावशी हायत. तेवढं वरच्या गाडीत बसवा. उपकार हुतील." त्यानंतर बराच वेळ ते अंगणातल्या पुसट फलाटावर येरझाऱ्या घालत राहिले. फोन पुन्हा वाजला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. "पोचलो, दादा. भाकरी अजून गरम हाय." दाजींनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि आमच्याकडं पाठ करून मोठ्यांदा ओरडले, "मंग? शाळा कुणाची!" पण त्या दिवशीच चौथा नियम बदलला. आता विचारायचं, आणि पहिल्यांदा विचारायचं.

बाळ सुखरूप घरी आलं. दाजींचा मुलगा मात्र गेल्या वर्षी जर्मनीला गेला आणि दाजींचं पुण्याला जाणंच थांबलं. तिथल्या त्याच्या शहरातही जमिनीखालून गाडी धावते. तिचा नकाशा त्यांनी मोठा छापून भिंतीवर लावलाय. परवा दुपारी जेवायला गेलो, तर ते त्यापुढं उभे होते. तिकडं सकाळ, पोराची कामावर जायची वेळ. जिभेला न पेलणारी ती नावं आपल्या पद्धतीनं पुटपुटत त्यांचं बोट निळ्या रेघेवरून हळूहळू सरकत होतं.

"ताटं वाढलीत, बसता न्हवं?" आक्कानं विचारलं.

"थांब की जरा," ते म्हणाले. "दोनच टेसनं ऱ्हायल्यात त्याची."

आक्कानं आमटीचं पातेलं पुन्हा झाकलं, आणि ते बोट पोचेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.