खालाचं खोटं रडणं

“ए, हे फिश मार्केट नाहीये!”

मॅडम मला म्हणाल्या. सगळ्यांसमोर. माझी आई भाईंदरच्या बाजारात मासे विकते, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी मीच सांगितलेलं, आईची गिऱ्हाइकाला मारलेली हाक काढून दाखवत. तेव्हा टाळी दिली होती. “सो रॉ!” म्हणाल्या होत्या.

गुन्हा काय? मी आणि खाला जोरात हसलो.

खाला, म्हणजे मावशी, अफगाणी. देश सोडून आलेली, नया नगरमध्ये एका खोलीत राहते, नवरा आणि दोन पोरं. इथे राहू द्या म्हणून केलेला अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर पडलाय. मॅडमची संस्था तिच्यासारख्या बायकांचं नाटक बसवत होती. मी उत्तनची, बारावी पास, मिमिक्रीवाली. आवाज काढायला मला ठेवलेलं.

रोज आधी गोल करून बसायचं. एक दगड हातोहात फिरायचा. ज्याच्याकडे दगड, त्याने आपलं दुःख सांगायचं. मॅडमची पद्धत. खालाकडे दगड आला की ती घरमालक व्हायची. पोट पुढे, चष्मा नाकावर. “फ्लैट है ना, बहनजी, एकदम हवादार! कहाँ से हो? अफगानिस्तान? अरे, कल ही चला गया!” मेले मी हसून. असल्याच एकाने माझ्या ताईला मासे शिजवता म्हणून खोली नाकारलेली.

मॅडमना हे नको होतं. बॉम्ब हवा होता, बॉर्डर हवी होती. देणगीवाले पाहुणे येणार होते. “हसणारी रिफ्यूजी कोण बघणार?”

खाला काही रडेना. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “तू रड. तिच्या आवाजात. ती नुसती उभी राहील, तोंड झाकून.”

आणि मी रडले. लाज वाटते, पण रडले. हातात माईक आला की मला राहवत नाही. तिचा घोगरा सूर, लांबवलेला ‘र’, मधेच अडकलेला श्वास. सगळं बरोब्बर. “मेरा घर गया... मेरा बच्चा गया...” ‘बच्चा’ मी माझ्या मनाने टाकला. रंगत यावी म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे टिपले.

खालाने तोंडावरची ओढणी खाली केली. तिची दोन्ही पोरं बाहेर पॅसेजमध्ये क्रिकेट खेळत होती. आवाज आत येत होता.

“बेटी, मेरे बच्चे को क्यों मारा?”

आईची हाक पण मी अशीच वापरली होती. मॅडमना हसवायला. तीच हाक आज ‘फिश मार्केट’ म्हणून माझ्या तोंडावर मारली होती त्यांनी.

माईक खाली ठेवला. “मी न्हाय करत.” घरचीच बोली आली तोंडात.

“प्रोफेशनल हो जरा. परवा शो आहे.”

“खालाला विचारा. ती हितंच हाय.”

“तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर करतोय आपण!”

मग मी ओरडले. हो, बाजारात ओरडतात तशी. “तिचं पोर जिवंत हाय! तुमच्या पाहुण्यांसाठी मारू काय त्याला?”

मला काढलं. अंधेरीहून दुसरी मुलगी आणली. ती रडली म्हणे, माझ्यापेक्षा चांगली. आणि खाला उभी राहिली. तोंड झाकून. अर्जाला जोडायला संस्थेचं पत्र हवं होतं तिला. मॅडम म्हणालेल्या, शो झाल्यावर देऊ. खालाला मी काय बोलू? तिला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

मिमिक्री मी सोडलेली नाही. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा आवाज काढणार नाही. पोट भरो न भरो.

मॅडमचा काढते. चौकात, स्टेजवर, मिळेल तिथे. न विचारता. त्यांना नाही म्हणता येतं.