अल बर्शात हिरवं चालत नाही

आम्ही दोघं दुबईला निघालो तेव्हा मी नवा पोपटी शर्ट घातला. बायको म्हणाली, "केळीच्या खांबासारखे दिसताय." मला ती स्तुती वाटली. अल बर्शातल्या ताईच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि आतून दाजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा, खोकल्यात अडकलेला आवाज आला, "यल्ला (चल, आटप)! आधी तो शर्ट काढ!"

दाजींचा नियम मी साफ विसरलो होतो. त्यांनी इथल्या शाळेत उभा जन्म फ्रेंच शिकवलं आणि जुनी फ्रेंच नाटकं मराठीत आणून मुंबई-पुण्याच्या नोकरदारांकडून करून घेतली. तिकडचा एक थोर नाटककार म्हणे आजाऱ्याची विनोदी भूमिका करताना खरोखरच कोसळला आणि गेला. तेव्हा अंगात हिरवे कपडे होते, असं सांगतात. म्हणून फ्रेंच नटांना हिरवं वर्ज्य आणि दाजींच्या तालमीतही. ताईसुद्धा तालमीला हिरव्या बांगड्या उतरवून बसायची.

आता दाजींची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. दाजींना मात्र तेच आजाऱ्याचं नाटक एकदा शेवटपर्यंत वाचायचं होतं. "अर्ध्यावर थांबलो तर खलास (संपलं)," ते मला म्हणाले. "मग उरेल ते नुसतं दुखणं."

दुसऱ्या दिवशी आभाळ धुळीनं पिवळं झालं होतं. शारजाहून जुनी नटमंडळी ट्रॅफिकला शिव्या देत आली. साबुदाणा वडे हमूसला (काबुली चण्याच्या चटणीला) लावून खाल्ले जात होते. बरे लागतात, मी मोजले नाहीत. स्वयंपाकघरात मी ताईला हळूच म्हटलं, "अगं, बांगड्या!"

"असू देत," ती म्हणाली. "त्यांच्या फ्रान्सात वाईट असेल. मी आज उतरवणार नाही."

भाची वडिलांना विनवत होती, "बाबा, जस्ट वन सीन, प्लीज."

"इन्शाल्ला (देवाची इच्छा असेल तर)," म्हणत दाजींनी काठीचे तीन ठोके फरशीवर दिले. तिकडची ही तिसरी घंटा. माझी बायको त्यांच्या शेजारीच बसली होती.

ते खोकले की मंडळी हसायची. नाटकातला आजारीही खोकतच असतो. मीही हसलो, मग ताईचा चेहरा पाहून तोंडात वडा कोंबला. दाजी मधूनच थांबायचे. "अगं, पाणी." ताई उठून पेला पुढे करायची, बांगड्या किणकिणायच्या. आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घालायचो. ते घोट घ्यायचे आणि पुढे वाचायचे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्यांनी. टाळ्या वाजवायला कुणाचे हातच उचलेनात.

आम्ही निघताना दाजी दारापर्यंत आले. "पुढच्या वेळी तो पोपटी शर्ट घालून ये. आता माझी हरकत नाही."

पुण्यात परतलो. बॅगेतला तो शर्ट अजून धुवायलाही टाकला नव्हता, तोच ताईचा फोन आला. दाजी गेले.

फोन ठेवून मी बॅगेतला शर्ट बाहेर काढला. मग बायकोला म्हणालो, "त्या दिवशी बांगड्यांवरून ओरडले नाहीत. शेवटी शेवटी नियम विसरले असावेत."

"विसरले कसले," बायको म्हणाली. "भरलेला तांब्या त्यांच्या हाताशीच होता. वन्संच्या बांगड्या वाजाव्यात म्हणून पाणी मागत होते."