रविवार धरत नाहीत

पास्कल गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. अंगात काही उरलं नव्हतं, पण हात अजून कोपरापर्यंत लालसर होते. दहा वर्षं सूत रंगवलेले हात आजारपणातही पांढरे पडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. त्याची विधवा बहीण रोझा पेजेची वाटी घेऊन उभी होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस चालू होते. त्याला ते लोक लेंट म्हणतात, आणि त्या दिवसांत ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. पास्कलनं डोळे उघडले आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला, “यंदा काय सोडलंस रे, शिवप्पा?” मी दरवर्षीचं उत्तर दिलं, “कारलं.” तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. निघताना मी म्हणालो, “उद्या येतो.” त्यानं हात हलवला. “उद्या नको. उद्या रविवार हाय की.” ...चर्चची माणसं भेटायला येत असतील, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी मिलच्या फाटकावर निरोप मिळाला, पास्कल काल दुपारी गेला.

मग शोकसभा झाली. मिलमधल्या जुन्या माणसांनी मला पुढे केलं, कारण मी आता हेडक्लार्क आहे आणि मला बोलता येतं. मी उपरणं सावरून उभा राहिलो आणि म्हणालो, “एवढा अपमान झाला, नोकरी गेली, पण माझा मित्र कुणाला उलट शब्द बोलला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा रंगारी डोळे पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मैतर असावा तर तुमच्यावानी.” मी त्याचा हात हातात घेतला. घेतला! आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल चार गोड शब्द मागितले आहेत. गोड शब्द मी त्या दिवशी बोलून बसलो, आणि त्यांची मला इतकी शिसारी आली आहे की आज जे लिहितो आहे ते गोड होणार नाही.

पास्कल आमच्या मिलमध्ये रंगमास्तर होता आणि मी रंगाच्या गुदामावरचा कारकून. वय एकच, दोघांची जीभही तिखट, पण त्याची जास्त. साहेबालाही तो तोंडावर ऐकवायचा, आणि रंगाचं काम त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं म्हणून साहेब ऐकून घ्यायचा. आमची मैत्री राखेवरून जुळली. त्यांच्या लेंटचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार. त्या सकाळी तो कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर आला. माझ्या कपाळावर रोजची विभूती होतीच. मी म्हणालो, “आज आपण भाऊभाऊ.” तो म्हणाला, “तू रोज फासतोस, मी वर्सातनं एकदा. तरी तुझं काय सुटंना झालंय बघ.” त्या वर्षी त्यानं तंबाखू सोडली होती. मी त्याला आमच्या आत्याची गोष्ट सांगितली. ती काशीला गेली आणि रीतीप्रमाणे एक भाजी सोडून आली. सोडलं काय, तर पडवळ, जे तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. पास्कल पोट धरून हसला. तेव्हापासून त्यानं विचारायचं आणि मी “कारलं” म्हणायचं, हा आमचा खेळ ठरला. पुढच्या रविवारी मात्र तो स्टेशनाकडच्या चर्चमधून आला तो तंबाखू मळतच. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, “रविवार धरत न्हायत. रविवार प्रभूचा. चाळीस दिवसांत त्यो मोजायचाच न्हाय.” मला ही मोठी सोयीची वाट वाटली. पुढे कित्येक वर्षं मी त्याला त्यावरून चिडवलं.

एका वर्षी त्यानं उलट उत्तर देणं सोडलं. सगळ्या खात्यासमोर एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला तो असं काही बोलला होता की म्हातारा दोन दिवस जेवला नाही. पास्कलला ते लागलं. म्हणाला, “साखर सोडून काय व्हतंय? ही जीभच सोडतो.” आणि खरंच सोडली. लोक मुद्दाम येऊन त्याला डिवचायचे, तो ओठ दाबून भट्टीत बघत राहायचा. डिवचणाऱ्यांत मी पहिला होतो. त्याच महिन्यात ते घडलं. लुगड्यांच्या काठासाठी लाल रंगाचा डबा न्यायला पास्कल गुदामात आला. मी चहा पीत होतो. बशी खाली न ठेवताच मी एक डबा पायानं पुढे ढकलला. त्यानं विचारलं, “ह्योच ना रे?” मी न बघता म्हणालो, “ह्योच.” डबा कच्च्या रंगाचा होता, आणि त्यावर चुकीची चिठ्ठी मीच डकवली होती. नव्या पेठेतल्या दुकानातून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग सगळ्या लुगड्यावर उतरला होता.

शुक्रवारी साहेबानं दोघांना बोलावलं. पास्कलला विचारलं, “डबा बघून घेतला नाहीस?” पास्कल गप्प. “रंगमास्तर म्हणवतोस आणि रंग ओळखता येत नाही?” ज्या जिभेनं साहेबालाही सोडलं नव्हतं, ती दातांत धरून तो उभा होता. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं, मी बोलायला हवं होतं, एवढाच त्या नजरेचा अर्थ होता. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत राहिलो. साहेब म्हणाला, “सोमवारपासून येऊ नकोस.” त्या नोकरीवर त्याचं लग्न ठरलं होतं. लेंटात लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरचा दिवस धरला होता. नोकरी गेल्याचं कळताच मुलीकडच्यांनी ते मोडलं, आणि पुन्हा जुळलं नाही.

मधे एक रविवार होता. दुपारी मी आतल्या खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलो होतो, तेव्हा दार वाजलं. आवाजावरूनच ओळखलं. आज रविवार, आज त्याला बोलता येतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो भांडायला आला नव्हता, हेही मला ठाऊक होतं. सोमवारी माझ्याबरोबर साहेबाकडं चल आणि तुझ्या तोंडानं सांग, एवढंच तो म्हणणार होता. मी बायकोला खुणावलं. ती दारात जाऊन म्हणाली, “ते न्हायत घरी. अक्कलकोटला गेल्यात.” मग पास्कलचा आवाज, “बरं वैनी. आलतो म्हणून सांगा.” किळस कशाची येते सांगू? खोटं बोलल्याची तर येतेच. पण तो दारात उभा असताना मी तोंडातला घास चावत होतो. आवाज होऊ नये म्हणून हळूहळू चावत होतो, आणि चटणी मला चवदार लागत होती! नंतर मी बाहेरच्या खोलीत आलो, तर माझ्या वहाणा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दारातून दिसतील अशाच होत्या. घाईत एक उलटी पडली होती, असं मला आठवत होतं. आता ती सुलटी होती, जोडीला नीट लावलेली. बायकोनं केली असेल, असं मी ठरवलं. तिला कधी विचारलं मात्र नाही.

पुढे पास्कल हातमागवाल्यांचं सूत रंगवायला लागला. वर्षभर त्याचं तोंड दिसलं नाही. मग पुढच्या राखेच्या बुधवारी तो कपाळावर क्रूस घेऊन माझ्या दारात उभा, “यंदा काय सोडलंस रे?” मला रडू आलं. माफ केलं त्यानं, असं मी धरून चाललो. त्यापुढं दरवर्षी तसंच. लेंटभर तो दोन-तीन दिवसांनी यायचा, चहा प्यायचा, हसायचा. रविवारी कधी यायचा नाही. ईस्टर झाला की गडप. नव्या पेठेत समोरून आला तरी कापडाच्या दुकानात शिरायचा. मी स्वतःची समजूत घालायचो, लग्नसराई आली, रंगाचं काम वाढलं असणार. हळूहळू मी आणखी एक गोष्ट रचली. त्या शुक्रवारी तो माझ्यासाठीच गप्प राहिला, मैत्रीसाठी! इतकी वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगितली, आणि लोकांनी आम्हां दोघांना चांगलं म्हटलं.

शोकसभेनंतर चार दिवसांनी रोझानं बोलावणं धाडलं. मी गेलो. वहाणा दारात काढल्या, तिनं दिलेल्या पाटावर बसलो. तिनं पास्कलचं प्रार्थनेचं पुस्तक पुढे ठेवलं. त्याच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. “अण्णा, मला वाचता येत न्हाय. दादा दरसाली राखेच्या बुधवारी काय सोडणार ते लिवून ठेवायचा. एवढं वाचून दावा.” मी वाचायला लागलो. तंबाखू. साखर. पत्ते. नाटक. उलट उत्तर... त्यापुढच्या चिठ्ठीवर त्याच्या ठसठशीत बाळबोध अक्षरात होतं, ‘शिवप्पावरचा राग.’ पुढच्या चिठ्ठीवर तेच. त्याच्या पुढच्या चिठ्ठीवरही तेच. चाळीस दिवस सोडायचा आणि ईस्टरला पुन्हा उचलायचा. दहा वर्षं. रविवार सोडून.

“काय लिवलंय?” रोझानं विचारलं.

मी म्हणालो, “साखर.”

“आनि ही? आनि फुडच्या समद्या?”

“साखर.”

“दहाच्या दहा सालं साखर?” ती माझ्याकडं बघत राहिली. तिचा आवाज चढला नाही. “अण्णा, दादा लिवताना मोठ्यानं म्हनायचा. मला समदं ठाव हाय. तुमच्या तोंडनं ऐकावं म्हनलं.”

मला जमीन दिसत होती आणि माझी बोटं दिसत होती. ती सांगत गेली. त्या रविवारी तो घरी आला तेव्हा तिनं विचारलं, भेटला का शिवप्पा? तो म्हणाला, “वहाना हुत्या दारात. एक उलटी पडलेली, सरळ करून आलो. भांडान लागू नये त्याच्या घरात.” मी विचारलं, शेवटच्या दिवशी काही बोलला का. विचारायला नको होतं. ती म्हणाली, “रविवारी सकाळी दिवस कंचा म्हनून इचारलं. मी सांगितलं, ऐतवार. तवा जरा हसला. म्हनला, शिवप्पा आला तर सांग, पास्कल घरी न्हाय.”

त्याच्या उलट उत्तराला दहा वर्षं लागली. मिळालं ते मला मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते पुस्तक रोझानं ठेवून घेतलं, ते बरंच झालं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, यापुढं रविवारी कुणीही आलं तरी दार मी उघडणार, मी घरात नाही असं कुणाला सांगायचं नाही. यंदा निदान एवढं तरी सोडू, असं मनात होतं. परवाच्या रविवारी दुपारी जेवताना दार वाजलं. मी ताटावरून उठलो, भराभर दाराशी आलो, आणि कडी काढायच्या आधी वाकून उंबऱ्याच्या आतल्या वहाणा दारातून दिसू नयेत अशा बाजूला ओढल्या. हात आपोआप गेला. मग दार उघडलं. दूधवाला होता.