सरावलीच्या हॉलमधली भुतं

भुताचे पिक्चर विसरता येतात, ते बघणारी माणसं विसरता येत नाहीत. सरावलीच्या समाजहॉलमध्ये आम्ही चार मैत्रिणी दर रविवारी दुपारी प्रोजेक्टरवर झपाटलेल्या घरांचे पिक्चर लावतो. पाचच रविवार झालेत, पण किस्से इतके साठलेत की कुठला कोणत्या पिक्चरचा, तेच कळत नाही.

पहिल्या रविवारी झरीहून माझ्या मैत्रिणीची आई आली होती. पडद्यावर चौदा खोल्यांचा बंगला, राहणारी माणसं तीन. सगळे श्वास रोखून बसलेले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग उरलेल्या खोल्यांत कोणीतरी राहणारच की."

चारोटीला हायवेवर हॉटेल चालवणारे मनुभाई एकदा आले. हिरॉईन मेणबत्ती घेऊन तळघरात उतरली, पोरी किंचाळल्या. मनुभाई घड्याळ बघत होते. "दीड तास झाला, या घरात कोणी जेवलं नाही. डोळ्यांपुढे काहीबाही दिसणारच ने!"

आमची कोमल सायन्सवाली. म्युझिक नसलं की भूत येत नाही, असं तिने सगळ्यांना समजावलं. तेवढ्यात आलं! कोमल माझ्या चपला घालून पळाली. दुसऱ्या दिवशी म्हणते, घाबरले नव्हते, बस सुटत होती. रविवारी त्या वेळेला बसच नसते.

आता वसंतकाका. माझे सख्खे काका आणि हॉल समितीचे अध्यक्ष. असल्या पिक्चरने पोरी बिघडतात म्हणून त्यांना हॉल बंद करायचा होता. स्वतः एकही पाहिलेला नाही! मी भांडले, आधी एक बघा, मग ठरवा. आले, काकीला घेऊन पहिल्या रांगेत बसले.

पडद्यावर मुलगी सांगत होती, कपाटात कोणीतरी आहे. बाप म्हणाला, तुला भास होतोय. काका मागे वळून आम्हाला ऐकवत म्हणाले, "बाप बरोबर बोलतोय."

दोन मिनिटांत बाप कपाटात ओढला गेला. आमच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी.

पिक्चर संपल्यावर काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून हे बंद. आमचे चेहरे उतरले. मग ते काकीला म्हणाले, चल घरी. काकीला देवळात भजनाला जायचं होतं.

"तुम्ही व्हा पुढे. घरात कोणी नाहीये, कुलूप काढून आत बसा."

साडेचार वाजलेले, बाहेर लख्ख ऊन. काका दारापर्यंत गेले. चपला घातल्या. जरा वेळ तिथेच उभे राहिले. चपला काढल्या, परत येऊन खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरा आहे का एखादा? लाव."